ठिबक संचातील आम्लप्रक्रिया : शोषण नळी व जोडांची योग्य निवड

ठिबक सिंचन संच बसविल्यानंतर पहिली काही वर्षे तो सुरळीत चालतो. पुढे काही ड्रीपरमधून पाणी कमी पडू लागते, ओळीच्या टोकाकडील झाडे मलूल दिसतात आणि ड्रीपर उघडून पाहिल्यास आत पांढरट थर साचलेला आढळतो. आपल्याकडील बेसाल्ट खडकाच्या भागात विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. उन्हाने उपनळ्या तापल्या की त्यातील काही भाग न विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात ड्रीपरच्या बारीक वाटेत बसतो. हा थर काढण्यासाठी आम्लप्रक्रिया करावी लागते, हे आता बहुतेक बागायतदारांना माहीत आहे.

आम्ल किती घ्यावे याची चौकशी सर्वजण करतात. परंतु आम्लाच्या कॅनपासून व्हेंच्युरीपर्यंत जाणारी हातभर नळी कशाची असावी आणि तिचे जोड कसे असावेत, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. घरात पडलेला पाइपाचा तुकडा, पितळेचा जुना कॉक आणि वरून बांधलेली तार एवढ्यावर काम भागविले जाते. संपूर्ण संचात तीव्र आम्लाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच भागाचा. म्हणून या लेखात शोषण नळी व तिचे जोड यांची निवड कशी करावी, याची माहिती दिली आहे.

व्हेंच्युरी आम्ल कसे ओढते?

व्हेंच्युरीच्या मध्यभागी वाट अरुंद केलेली असते. या अरुंद भागातून जाताना पाण्याचा वेग वाढतो व दाब कमी होतो. हा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षाही खाली गेला की तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते. मग बाहेरची हवा कॅनमधील द्रावणावर दाब देते आणि द्रावण नळीतून वर ढकलले जाते. म्हणजेच येथे पंप आम्ल ढकलत नाही. हवेचा दाब ते ढकलतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे हवेचा दाब मर्यादित आहे. समुद्रसपाटीला तो पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा सुमारे १.८ पट जड असल्याने तेवढ्याच दाबात ते जेमतेम साडेपाच मीटर चढू शकेल. व्हेंच्युरी तर संपूर्ण निर्वात कधीच निर्माण करीत नाही. म्हणून कॅन व्हेंच्युरीच्या जवळच ठेवावा व नळी शक्य तितकी आखूड घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दाबाच्या पाइपाचा जोड सैल असेल तर पाणी बाहेर येते व गळती डोळ्यांना दिसते. शोषण नळीचा जोड सैल असेल तर बाहेर थेंबही पडत नाही. उलट हवा आत शिरते. नळी कोरडी दिसते, शेतकऱ्यास जोड उत्तम वाटतो आणि प्रत्यक्षात आम्लाऐवजी हवा ओढली जात असते. मात्रा कमी पडते, थर विरघळत नाही आणि दोष आम्लाला दिला जातो. शिवाय संच बंद करताना नळीतील निर्वात नाहीसा होऊन दाब उलटला, की त्याच सैल जोडातून आम्ल बाहेर उडते. त्या वेळी जोड हाताळणाऱ्याचा चेहरा नेमका समोर असतो.

आम्लाप्रमाणे साहित्य

ठिबक संचासाठी हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक व फॉस्फोरिक ही आम्ले वापरली जातात. एका आम्लाला चालणारे साहित्य दुसऱ्याला चालेलच असे नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम यांना झपाट्याने खाते. ‘स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही’ हा समज येथे उपयोगाचा नाही. या आम्लातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलवरील संरक्षक थर तुटतो व त्यात बारीक छिद्रे पडतात.

सल्फ्युरिक आम्लाबाबत एक फसगत नेहमी होते. तीव्र सल्फ्युरिक आम्ल लोखंडी पिंपात किंवा टँकरमध्ये येते, म्हणून लोखंडी पाइप चालेल असे वाटते. तीव्र आम्लात लोखंडावर लोहसल्फेटचा थर बसतो व तो पुढील झीज रोखतो, हे खरे आहे. परंतु त्याच आम्लात पाणी मिसळले की हा थर विरघळतो आणि लोखंड वेगाने झिजू लागते. आपण तर आम्ल पाण्यातच सोडणार असतो. म्हणून पिंप कशाचे आहे यावरून नळीची निवड करू नये.

फॉस्फोरिक आम्ल तुलनेने सौम्य आहे, पण महाग पडते. कॅल्शियमचे प्रमाण जास्त असलेल्या पाण्यात ते कमी मात्रेत सोडल्यास कॅल्शियम फॉस्फेटचा नवा साका तयार होण्याची शक्यता असते.

कोणते साहित्य घ्यावे व कोणते टाळावे, हे खालीलप्रमाणे लक्षात ठेवावे.

१) कडक पीव्हीसी : हायड्रोक्लोरिक, फॉस्फोरिक व सौम्य केलेल्या सल्फ्युरिक आम्लास चांगले. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर मऊ पडते, म्हणून उष्ण द्रावण त्यातून नेऊ नये.

२) एचडीपीई व एलएलडीपीई : वरीलप्रमाणेच चांगले. तीव्र सल्फ्युरिक आम्लात दीर्घकाळ राहिल्यास हळूहळू ठिसूळ होते.

३) पॉलिप्रॉपिलीन : बऱ्याचशा व्हेंच्युरी याच्याच बनविलेल्या असतात. हायड्रोक्लोरिक, फॉस्फोरिक व सौम्य सल्फ्युरिक आम्लास योग्य. तीव्र नायट्रिक आम्ल यास अपाय करते.

४) नायलॉन : दिसायला मजबूत असले तरी ही आम्ले त्याची साखळी तोडतात. नायलॉनचे निपल, टी किंवा कॉक आम्लाच्या वाटेवर मुळीच बसवू नयेत.

५) जीआय, लोखंड, पितळ, गनमेटल, तांबे, ॲल्युमिनियम : टाळावे. जीआय पाइपावरील जस्ताचा थर तर सामू ६ च्या खाली गेला की विरघळू लागतो.

६) रबरी वायसर व ओ-रिंग : सौम्य हायड्रोक्लोरिक व फॉस्फोरिक आम्लासाठी ईपीडीएम रबर चालते. तीव्र आम्लासाठी व्हिटॉन अधिक टिकते. तेलाच्या कामासाठी मिळणारे नायट्राइल रबर तीव्र आम्लात टिकत नाही. दुकानदारास वायसर कशाचा आहे हे विचारूनच घ्यावा.

नळी चपटी होऊ नये

शोषण नळीला आतून दाब सहन करावा लागत नाही, तर बाहेरचा दाब सहन करावा लागतो. बागेला पाणी घालण्याची मऊ नळी आतल्या दाबाने फुगते व गोल राहते. परंतु आतून शोषण सुरू झाले की ती चपटी होते आणि वाट बंद पडते. दुपारच्या उन्हात ती आणखी मऊ पडते. सकाळी चाललेली नळी दुपारी का ओढत नाही, याचे उत्तर पुष्कळदा यातच असते.

यासाठी लहान व्यासाची, जाड भिंतीची, ताठ नळी निवडावी. १२ किंवा १६ मिलिमीटरच्या एलएलडीपीई उपनळीचा, ड्रीपरसाठी छिद्र न पाडलेला नवा तुकडा या कामास चांगला उपयोगी पडतो. मोठा व्यास हवा असल्यास कडक पीव्हीसीचे वेटोळे असलेली सक्शन नळी घ्यावी. पोलादी तारेचे वेटोळे असलेली नळी टाळावी. कापलेल्या टोकाशी तार उघडी राहते आणि आम्ल तारेच्या वाटेने आत शिरते. भिंतीत दोऱ्याची जाळी असलेली नळी फुटण्यापासून वाचते, पण चपटी होण्यापासून वाचेलच असे नाही.

नळी वळविताना मोठ्या गोलाईत वळवावी. एकदा घडी पडलेली नळी पुन्हा वापरू नये.

जोड कसे करावेत?

जोडांची संख्या जितकी कमी तितकी हवा शिरण्याची शक्यता कमी. कॅनपासून व्हेंच्युरीपर्यंत शक्यतो एकच अखंड नळी ठेवावी व मध्ये एक कॉक आणि एक एकदिशा झडप एवढेच बसवावे.

दातेरी निपल : पॉलिप्रॉपिलीनचा निपल घ्यावा. नळीचे टोक धारदार चाकूने काटकोनात कापावे, गरम पाण्यात बुडवून मऊ करावे आणि निपलच्या सर्व दात्यांवर चढवावे. विस्तवावर नळी तापवू नये; भिंत कमीजास्त पातळ होते. वरून प्लॅस्टिकची क्लिप लावावी. लोखंडी क्लॅम्प किंवा बांधणीची तार आम्लाच्या वाफेनेच काही दिवसांत गंजून तुटते.

आटेदार जोड : नळकाम करणारे सफेदा व सुतळी लावून आटे घट्ट करतात. आम्लाच्या नळीवर ही पद्धत निरुपयोगी आहे. सफेद्यातील जस्त किंवा शिशाचे घटक आम्लात टिकत नाहीत आणि सुतळीचा धागा सल्फ्युरिक आम्लाने जळाल्यासारखा होतो. येथे टेफ्लॉन टेपच वापरावी. आटे कोरडे व स्वच्छ करून आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे द्यावेत. पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचा तुकडा तुटून व्हेंच्युरीच्या अरुंद भागात अडकणार नाही. प्लॅस्टिकचे आटे हाताने घट्ट करून पान्याने थोडाच पीळ द्यावा. जास्त आवळल्यास बारीक चीर जाते व त्यातून हवा शिरते.

चिकट जोड : पीव्हीसीला पीव्हीसी जोडण्यासाठी बाजारात ‘सोल्युशन’ नावाने मिळणारे सॉल्व्हंट सिमेंट उत्तम. दोन्ही पृष्ठभाग घासून, पुसून, सर्व बाजूंनी सारखे लावावे व जोड पूर्ण वाळू द्यावा. आम्ल सोडण्यापूर्वी २४ तास थांबणे योग्य. मात्र एचडीपीई, एलएलडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनला हे सोल्युशन धरत नाही. वरवर चिकटल्यासारखा दिसणारा असा जोड पुढे हमखास सुटतो.

सायकलच्या ट्यूबची पट्टी : पाण्याच्या गळतीवर आपण ती गुंडाळतो. शोषण नळीवर ती लावून समाधान मानू नये. वेढ्यांच्या फटीतून हवा आत शिरतच राहते.

कॉक व गाळणी : कॉक पीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनचा व त्यातील बैठक टेफ्लॉनची असावी. नळीच्या कॅनमधील टोकाला प्लॅस्टिकची जाळी लावावी. पितळी फुटव्हॉल्व्ह लावू नये. जाळी तळापासून थोडी वर राहील असे पाहावे, म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही.

उलटा प्रवाह रोखणे

लहानपणापासून आपण ऐकतो की आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. पाणी आम्लात पडले की, विशेषतः सल्फ्युरिक आम्लात, एकदम उष्णता निर्माण होऊन द्रावण उसळते. हा नियम आपण हाताने पाळतो, पण संच तो आपोआप मोडू शकतो. कॉक उघडा असताना बायपासची झडप उघडली किंवा व्हेंच्युरीच्या पुढे वाट तुंबली, की निर्वात नाहीसा होतो आणि मुख्य नळीतील दाबाचे पाणी शोषण नळीतून उलट कॅनमध्ये घुसते.

यासाठी शोषण नळीवर एकदिशा झडप असलीच पाहिजे. झडपेतील स्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर ती आम्लाने तुटते व झडप उघडीच राहते. स्प्रिंग नसलेली, काचेची किंवा चिनी मातीची गोळी असलेली झडप मिळाल्यास ती घ्यावी व प्रवाह खालून वर जाईल अशी उभी बसवावी. कॅन व्हेंच्युरीच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा. वर ठेवल्यास पंप बंद असतानाही आम्ल स्वतःच्या वजनाने नळीत उतरते.

मुख्य नळीवरही एकदिशा झडप व हवा झडप आवश्यक आहे. मध्येच वीज गेली की चढावरील नळीतील पाणी मागे फिरते, नळीत निर्वात तयार होतो आणि आम्लयुक्त पाणी विहिरीत ओढले जाण्याचा धोका असतो. त्याच विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी वापरले जात असेल तर याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

आधी पाण्यावर चाचणी

आम्ल भरण्यापूर्वी संपूर्ण जोडणी साध्या पाण्यावर तपासावी.

१) नळी पाण्याच्या बादलीत बुडवून व्हेंच्युरी सुरू करावी. ठरावीक दाबावर १ लिटर पाणी ओढण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहून लिहून ठेवावे. पुढील प्रत्येक प्रक्रियेपूर्वी ही वेळ पुन्हा मोजावी. वेळ वाढली तर हवा शिरते आहे, नळी चपटी होते आहे किंवा जाळी तुंबली आहे असे समजावे.

२) व्हेंच्युरीजवळ नळीचा वीतभर तुकडा पारदर्शक ठेवावा. त्यात बुडबुडे सतत दिसले तर जोड सैल आहे. प्रत्येक जोडावर पाणी ओतून पाहावे. ज्या जोडावर पाणी ओतताच बुडबुडे थांबतात, तो जोड दोषी.

३) बायपास उघडून निर्वात घालवावा व नळीचे टोक पाहावे. त्यातून पाणी उलट येत असेल तर एकदिशा झडप बदलावी.

मात्रा व प्रत्यक्ष क्रम

आपल्या विहिरीचे १० लिटर पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यावे. त्यात थोडे थोडे आम्ल मिसळून सामू कागदाने सामू तपासावा व तो ४ होण्यास किती मिलिलिटर आम्ल लागले ते मोजावे. समजा ६ मिलिलिटर लागले. संचातून तासाला ६,००० लिटर पाणी जात असेल, तर १५ मिनिटांत १,५०० लिटर पाणी जाईल व त्यास ९०० मिलिलिटर आम्ल लागेल. व्हेंच्युरी तासाला ६० लिटर ओढत असेल, तर १५ मिनिटांत १५ लिटर ओढेल. म्हणून १४ लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी घेऊन त्यात ९०० मिलिलिटर आम्ल हळूहळू मिसळावे व १५ लिटर द्रावण करावे. असे सौम्य द्रावण वापरल्याने नळी व जोडांवरील ताणही पुष्कळ कमी होतो.

आता सैल जोडामुळे व्हेंच्युरी तासाला ४० लिटरच ओढू लागली असे समजा. १५ मिनिटांत १० लिटर द्रावण, म्हणजे ६०० मिलिलिटर आम्ल जाईल. सामू ४ पर्यंत उतरणार नाही आणि खर्च करूनही ड्रीपर तुंबलेलेच राहतील. एका वायसरची किंमत येथे कळते.

प्रक्रिया करताना प्रथम उपनळ्या धुऊन घ्याव्यात. नंतर संच सुरू करून व्हेंच्युरी चालू करावी व शोषण सुरू झाल्याची खात्री झाल्यावरच आम्लाचा कॉक उघडावा. सर्वांत दूरच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ आला आहे का ते पाहावे. संच मोठा असल्यास आम्लयुक्त पाणी टोकास पोचण्यास जास्त वेळ लागतो. त्या प्रमाणात वेळ व आम्ल वाढवावे. बंद करताना कॉक प्रथम बंद करावा, मग बायपास पूर्ण उघडावा आणि शेवटी पंप बंद करावा. संच २४ तास तसाच ठेवावा व नंतर उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुवावा. शोषण नळी व कॉकमधूनही स्वच्छ पाणी ओढून घ्यावे.

या २४ तासांत आम्लयुक्त पाणी धातूच्या भागात साचून राहू नये. शक्य असल्यास आम्ल सोडण्याची जागा वाळूच्या गाळणीच्या व जीआय जोडणीच्या पुढे घ्यावी. दाबमापकाच्या आतील नळी पितळेची असते. तो आम्ल मिसळण्याच्या जागेच्या अलीकडे बसवावा.

सुरक्षिततेचे नियम

डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे व पायात बूट घातल्याशिवाय आम्लास हात लावू नये. काम एकट्याने करू नये आणि जवळ स्वच्छ पाण्याचे पिंप भरून ठेवावे. डोळ्यात आम्ल गेल्यास किमान १५ ते २० मिनिटे पाण्याने सतत धुवावे व ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात चुना किंवा सोडा कधीही घालू नये. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर मात्र चुना टाकावा.

आम्ल व ब्लिचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. क्लोरीन प्रक्रियेसाठी तीच नळी वापरावयाची असल्यास ती आधी भरपूर पाण्याने धुवावी. धातू व आम्ल यांच्या संयोगाने ज्वालाग्राही हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये. उरलेले आम्ल सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत ठेवू नये. ते मूळ कॅनमध्ये, नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निर्देशांनुसार आम्ल विकणाऱ्याने खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावयाची असते व १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकता येत नाही. म्हणून खरेदीस स्वतः जावे, मुलांना पाठवू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ठिबक संचावर आपण मोठा खर्च करतो. त्यापुढे एक ताठ नळी, पॉलिप्रॉपिलीनचे दोन निपल, एक चांगली एकदिशा झडप व टेफ्लॉन टेपचे एक रीळ यांचा खर्च किरकोळ आहे. येत्या आम्लप्रक्रियेपूर्वी आपल्या संचावरील शोषण नळी एकदा पाण्यावर लावून पाहावी, बुडबुडे तपासावेत आणि पितळ, नायलॉन वा तार आढळल्यास ती काढून टाकावी. कोरडा दिसणारा जोड निर्दोष असेलच असे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बाग आणि ती राखणारे हात दोन्ही सुरक्षित राहतील.